मलकापूरच्या आभाळात ड्रोन: देणगीच्या आधीचे प्रश्न

29 जुलै 2023 च्या पहाटे मलकापूरला राष्ट्रीय महामार्ग 53 वर दोन खासगी बस समोरासमोर धडकल्या. एका बसमध्ये अमरनाथची यात्रा आटोपून हिंगोलीकडे परतणारे भाविक होते, दुसरी नाशिककडे निघाली होती. सहा जणांचा जीव गेला, वीसहून अधिक जखमी झाले. त्याच्या बरोबर चार आठवडे आधी, 1 जुलैला मध्यरात्रीनंतर, याच जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर उलटलेली बस पेटली आणि पंचवीस प्रवासी होरपळून गेले. या दोन अपघातांच्या मधे, 22 जुलैला, सातपुड्याच्या पायथ्याशी कोसळलेल्या पावसाने संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत हाहाकार उडवला. नदीनाले शेतांतून वाहिले, गावांचा संपर्क तुटला. एका जिल्ह्याच्या एकाच महिन्यातल्या या तीन घटना.

सार्वजनिक सुरक्षेसाठी ड्रोन हवा का, हा प्रश्न मलकापुरात विचारायचा असेल तर तो या तीन घटना समोर ठेवून विचारावा. रोटरी-लायन्ससारख्या सेवाभावी क्लबांनी तालुक्याच्या गावांना आजवर रुग्णवाहिका दिल्या, वैकुंठरथ दिले, चौकाचौकांत सीसीटीव्ही कॅमेरे बसवून दिले. देणगीच्या या यादीत आता ड्रोन येणं स्वाभाविक आहे. पोलिसांना मदत, गावाला सुरक्षितता, शिवाय किंमत क्लबच्या आवाक्यातली. माझं मत सुरुवातीलाच मांडतो. ड्रोन काही मोजक्या कामांत खरोखर जीव वाचवू शकतो, आणि ती कामं मलकापूरच्या वाट्याला येतात. मात्र तो कुणाच्या हुकमाने उडेल, काय टिपेल आणि टिपलेलं कुठे जाईल, हे धनादेश फाडण्याआधी ठरलं पाहिजे. तालुक्याच्या गावात हे मोकळेपणाने ठरवता येईल अशा जागा फार थोड्या उरल्या आहेत. क्लबची आठवड्याची सभा ही त्यांतली एक.

आधी महामार्ग. त्या पहाटे मलकापुरात ड्रोन असता तर काय झालं असतं? काहीही वेगळं झालं नसतं. धडक झाल्यावरच्या पहिल्या तासात लागतात ती जवळपासची माणसं, 108 ची रुग्णवाहिका, पत्रा कापायचं कटर, क्रेन आणि रक्त. समृद्धीवर तर आगीने तेवढाही अवधी दिला नाही. काच फोडून बाहेर पडू शकलेले थोडे वाचले. वरून फिरणाऱ्या कॅमेऱ्याने ती आग फक्त दाखवली असती. अपघातानंतरच्या कामात मात्र ड्रोनचा उपयोग आहे, आणि त्याची चर्चा कमी होते. आज पंचनामा म्हणजे दोन शिपाई टेप धरून वाहत्या रस्त्यावर मापं घेतात, तिसरा बॅटरी दाखवून ट्रक अडवतो. ड्रोनने एकावर एक येणारी छायाचित्रं घेतली की संगणक त्यांतून जागेचा मापासह नकाशा तयार करतो. टायरच्या खुणा, दुभाजकातली फट, वळणाचा कल, सगळं त्यात येतं. रस्ता लवकर मोकळा होतो आणि पंचनामा करणारा माणूस स्वतः गाडीखाली येत नाही. अपघातांची माहिती एकत्र करणारी आयआरएडी ही केंद्राची प्रणाली महाराष्ट्रात सुरू आहे. असे नकाशे तिला जोडले तर अपघातप्रवण जागा कागदोपत्री सिद्ध करता येतील आणि महामार्ग प्राधिकरणापुढे गावाची बाजू भक्कम होईल.

ड्रोनची खरी जागा पुरात आहे. मलकापूर नळगंगेच्या काठी वसलेलं, वरच्या अंगाला नळगंगा धरण, उत्तरेला पूर्णा. पूर्णेला पाणी चढलं की काठच्या गावांचे रस्ते बंद होतात आणि तहसील कार्यालयातले फोन वाजू लागतात. अमुक मळ्यात चार माणसं अडकलीत, तमुक पुलावरून पाणी गेलं, पलीकडे बाळंतीण आहे. यातलं खरं किती, घाईत वाढवून सांगितलेलं किती आणि एकाच घटनेचे पाच फोन किती, हे कार्यालयात बसून कळत नाही. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या धुळ्याला आणि नागपूरला असतात, म्हणजे मलकापूरपासून काही तासांवर. 22 जुलै 2023 ला यवतमाळ जिल्ह्यात महागाव तालुक्यातलं आनंदनगर पाण्याने वेढलं होतं आणि तिथल्या माणसांसाठी हवाई दलाची हेलिकॉप्टरं पाचारण करावी लागली. बाहेरची मदत येईपर्यंतच्या या तासांत ड्रोन सांगू शकतो की कोणत्या छपरावर किती माणसं आहेत, पूल शाबूत आहे की खचला, आणि बोट लावायला कोणता काठ बरा. भोंगा बसवलेला असेल तर अडकलेल्यांना सूचना देता येते. जरा ताकदीचा असेल तर दोरी किंवा लाइफ जॅकेट टाकता येतं. यादी लहान आहे, पण बोट चुकीच्या वस्तीकडे गेली तर पुढचा तास कसा जातो हे पूरग्रस्त गावांना विचारावं.

मर्यादाही इथेच दिसतात, आणि विक्रेते त्या सांगत नाहीत. साधा चार पंख्यांचा ड्रोन एका बॅटरीवर अर्धा तास, फार तर पाऊण तास हवेत राहतो, आणि जाण्यायेण्याचा वेळ त्यातूनच वजा होतो. बहुतेक ड्रोन मुसळधार पावसात उडत नाहीत. पाऊस थांबल्यावर आणि वारा पडल्यावर मिळणारा अवधी हाच त्यांचा कामाचा वेळ. उन्हाळ्याचं गणित आणखी वेगळं. अनेक कंपन्यांच्या माहितीपत्रकात कामाच्या तापमानाची वरची मर्यादा 40 अंश असते. मे महिन्यात मलकापूरचा पारा दुपारी ती मर्यादा ओलांडतो. उष्णता टिपणाऱ्या थर्मल कॅमेऱ्याचंही असंच. माणसाचं शरीर भोवतालच्या जमिनीपेक्षा गरम असेल तेव्हा ते पडद्यावर पांढरं उठून दिसतं. वैशाखातल्या दुपारी काळी माती शरीरापेक्षा कितीतरी जास्त तापलेली असते, मग पऱ्हाटीच्या रानात पडलेला माणूस सापडेल कसा? हाच कॅमेरा पहाटे चारच्या सुमारास, जमीन निवल्यावर, उत्तम काम देतो. म्हणजे एखादा म्हातारा माणूस संध्याकाळी घरातून निघून गेला असेल तर ड्रोन रात्री उशिरा उडवायचा की पहाटे, हे ठरवणाऱ्याला इथली माती आणि इथलं ऊन ठाऊक हवं.

शोधाच्या बाबतीत विदर्भाचा एक जुना अनुभव लक्षात ठेवण्याजोगा आहे. 2018 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवडा-राळेगाव भागातल्या टी-1 वाघिणीला, लोकांच्या तोंडी असलेल्या अवनीला, शोधायला थर्मल ड्रोन आणले होते. तरीही शोध लांबतच गेला आणि शेवटी 2 नोव्हेंबरच्या रात्री ती गोळीने मारली गेली. झुडपी रानात वरून दिसण्याला फार मर्यादा असतात. त्या मोहिमेवर पुढे वाद झाले ते गोळी झाडण्यावरून; यंत्र हाती होतं म्हणून निर्णय शहाणपणाचा झाला असं म्हणायची सोय तिथे कुणालाच राहिली नाही.

गर्दीचं तसं नाही. गर्दी वरूनच कळते. बुलढाणा जिल्ह्यात शेगावला गजानन महाराजांच्या प्रकटदिनाला, सिंदखेडराजाला 12 जानेवारीच्या जिजाऊ जयंतीला, होळीच्या सुमारास सैलानीच्या यात्रेला माणसांचा महापूर लोटतो. खाली उभ्या असलेल्या शिपायाला त्याच्या भोवतालची पन्नास माणसं दिसतात. दोनशे पावलांवर वाट अरुंद होऊन लोक दाटत चालले आहेत हे त्याला दिसत नाही. 25 जानेवारी 2005 ला वाईजवळ मांढरदेवीच्या गडावर पावणेतीनशेहून अधिक भाविक चेंगरून आणि जळून गेले. निसरड्या पायऱ्या, चिंचोळा रस्ता, दुतर्फा दुकानं आणि मागून येणारा लोंढा. पुढे काय झालंय हे मागच्यांना कळायला मार्ग नव्हता. अशा ठिकाणी वरचा डोळा आणि त्याच्याशी जोडलेला ध्वनिक्षेपक हवाच. मुंबई पोलीस गणेश विसर्जनाच्या गर्दीवर ड्रोनने लक्ष ठेवतात, ते याच कारणासाठी. मात्र इथे एक अट आहे. गर्दीच्या डोक्यावर ड्रोन उडवू नये, तो कडेने, मोकळ्या जागेवरून उडवावा. दोन किलोची वस्तू शंभर फुटांवरून खाली आली तर ती स्वतःच चेंगराचेंगरीचं निमित्त होईल.

औषधं पोचवण्याचा उपयोग आपल्याकडे आजमावून झालेला आहे. डिसेंबर 2021 मध्ये पालघर जिल्ह्यात जव्हारहून झाप गावाला कोविडच्या 300 लशी ड्रोनने अवघ्या नऊ-दहा मिनिटांत पोचल्या. आफ्रिकेत रवांडाने 2016 पासून दुर्गम रुग्णालयांना रक्ताच्या पिशव्या याच मार्गाने पाठवल्या. स्वीडनमध्ये डिसेंबर 2021 मध्ये अंगणातला बर्फ काढताना हृदय बंद पडलेल्या 71 वर्षांच्या गृहस्थांना ड्रोनने आणलेल्या, हृदयाला विजेचा झटका देणाऱ्या यंत्राने वाचवलं. त्या गोष्टीतला एक तपशील मला फार मोलाचा वाटतो. कामावर निघालेले एक डॉक्टर योगायोगाने तिथून जात होते, त्यांनी गाडी थांबवली आणि छाती दाबणं सुरू केलं. ड्रोन त्यानंतर पोचला. मलकापूरच्या क्लबांत डॉक्टर बरेच असतात. छाती कशी दाबायची हे शाळा-कॉलेजांत, रिक्षा थांब्यांवर आणि एसटी आगारात शिकवायला त्यांना आजच्या आज कोणत्याही यंत्राची गरज नाही.

आग आणि रासायनिक गळती हा मलकापूरपुरता खास मुद्दा. दसरखेडच्या औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखाने आहेत, गावात जिनिंगच्या आवारांत कापसाच्या गंजी असतात. धूर कुठल्या दिशेने चालला आहे, गंजीच्या कोणत्या भागात आग आतून धुमसते आहे, कोणती वस्ती आधी हलवायची, हे अग्निशमन दलाच्या माणसाला आत न शिरता कळलं तर त्याचा जीव वाचतो. कापूस आतल्या आत कित्येक तास जळत राहतो; थर्मल कॅमेऱ्याला तो बाहेरून दिसतो. माझ्या मते पुरानंतर ड्रोनचा सर्वांत मोठा स्थानिक उपयोग हाच आहे.

आता कायदा. ड्रोन नियम 25 ऑगस्ट 2021 ला आले आणि त्यांनी आधीची बरीच कागदपत्रं कमी केली. 250 ग्रॅमपर्यंतचा नॅनो, 2 किलोपर्यंतचा मायक्रो, 25 किलोपर्यंतचा स्मॉल अशी वजनावर वर्गवारी आहे. ड्रोनला सरकारी पोर्टलवर नोंदणी आणि ओळख क्रमांक लागतो, आणि नॅनो सोडून बाकी सगळ्यांना तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमाही लागतो. चालवणाऱ्याकडे मान्यताप्राप्त संस्थेचं रिमोट पायलट प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी वय 18 ते 65 आणि दहावी पास ही अट. नॅनोला आणि बिगर-व्यावसायिक कामासाठी उडवलेल्या मायक्रोला प्रमाणपत्रातून सूट आहे. देशाचं आकाश हिरव्या, पिवळ्या आणि लाल पट्ट्यांत वाटलेलं आहे. हिरव्यात 400 फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याला एखाद्या भागावर जास्तीत जास्त 96 तासांसाठी तात्पुरता लाल पट्टा जाहीर करता येतो. लष्कर, नौदल आणि हवाई दल यांना हे नियम लागू नाहीत. पोलिसांचं नाव त्या अपवादात नाही. 9 फेब्रुवारी 2022 पासून परदेशी बनावटीचे तयार ड्रोन आयात करायलाही बंदी आहे, तेव्हा दुबईहून भाच्याने आणलेला ड्रोन पोलीस ठाण्याला भेट देण्याचा विचार कुणाच्या मनात असेल तर तो सोडून द्यावा.

या नियमांचा सगळा भर उड्डाण सुरक्षित व्हावं यावर आहे. वरून टिपलेल्या चित्रणाचं काय करायचं, ते किती दिवस ठेवायचं, कुणाला दाखवायचं, यावर ते गप्प आहेत. आणि मलकापुरासारख्या गावात प्रश्न तिथेच सुरू होतो. उन्हाळ्यात इथे घरंच्या घरं गच्चीवर झोपतात. दिवसा त्याच गच्चीवर बायका कुरडया-पापड घालतात. नदीकाठच्या वस्त्यांत आजही न्हाणीला छप्पर नसलेली घरं आहेत. चारशे फुटांवरच्या चांगल्या कॅमेऱ्याला यातलं काहीच झाकलेलं नाही. ही भीती हवेतली नव्हे. 2017 मध्ये तेलंगणात करीमनगरच्या पोलिसांनी उघड्यावर शौचाला बसणाऱ्यांना पकडायला ड्रोन वापरले होते. महाराष्ट्राने 'गुड मॉर्निंग पथकं' पाहिलेली आहेत. पहाटे हातात टमरेल घेतलेल्या माणसाला गाठून त्याचा फोटो काढणं हा त्या काळी स्वच्छतेचा भाग मानला जात होता. त्या पथकांच्या हाती कॅमेरावाले ड्रोन असते तर काय झालं असतं, हे सांगायला नको. ज्याच्या घरी संडास नाही त्याचीच अब्रू आधी जाते.

24 ऑगस्ट 2017 ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. सरकारला त्यात हात घालायचा असेल तर त्याला कायद्याचा आधार हवा, रास्त कारण हवं आणि कारणाच्या मानाने हस्तक्षेप बेताचा हवा. 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा मात्र सरकारी यंत्रणांना सूट देण्याची मुभा केंद्राला देतो. दुसरीकडे 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यांनी झडती-जप्तीचं आणि गंभीर गुन्ह्यांच्या जागेचं चित्रण अपेक्षित धरलं आहे. म्हणजे पोलिसांकडे चित्रण वाढत जाणार हे ठरलेलं आहे. ते न्यायालयात टिकावं म्हणून मूळ फाइलीत फेरफार झाला नसल्याचं प्रमाणपत्र लागतं, आणि ज्या ठाण्यात चित्रण एखाद्या शिपायाच्या स्वतःच्या मोबाइलमधून पुढे सरकतं तिथे ते टिकणं अवघड. खासगीपण जपणं आणि पुरावा जपणं ही इथे एकच गोष्ट होते, दोन्हींना शिस्तीचं दप्तर लागतं.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या चुला विस्टा शहराचा अनुभव यासाठी वाचण्यासारखा आहे. ऑक्टोबर 2018 पासून तिथे आणीबाणीचा फोन आला की छपरावरून ड्रोन उडतो आणि बहुधा पोलिसांच्या गाडीआधी पोचतो. प्रत्येक उड्डाणाची वेळ, कारण आणि मार्ग शहर जाहीर करतं. तरीही एका स्थानिक वृत्तपत्राच्या प्रकाशकाने एका महिन्याचं चित्रण मागितलं तेव्हा शहराने नकार दिला, प्रकरण कोर्टात गेलं आणि डिसेंबर 2023 मध्ये अपील न्यायालयाने सांगितलं की सरसकट सगळंच चित्रण तपासाच्या नावाखाली लपवता येणार नाही. तिथली पारदर्शकता आपल्यापेक्षा बरी, पण तीही कुणीतरी मागत राहिल्यामुळेच टिकली.

आपल्याकडे ड्रोनची ओळख बऱ्याच खेड्यांना भीतीतूनच झाली. 2024 च्या जून-जुलैत बीड, जालना, छत्रपती संभाजीनगर, नगर आणि पुण्याच्या ग्रामीण भागांत रात्री आकाशात ड्रोन घिरट्या घालतात अशी ओरड सुरू झाली. चोर टेहळणी करतात म्हणून गावोगाव तरुणांचे पहारे बसले. मराठा आरक्षण आंदोलनाचं केंद्र असलेल्या अंतरवाली सराटीवरच्या ड्रोनचा विषय विधिमंडळातही निघाला. पुढे मे 2025 मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षात ड्रोनचे हल्ले घराघरांत टीव्हीवर दिसले आणि आभाळातल्या लाल दिव्याला आणखी एक अर्थ चिकटला. रात्रीचे पहारे आणि अफवा यांचा मेळ किती भयंकर असतो हे खानदेशाने पाहिलं आहे. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. भिक्षा मागत फिरणारी माणसं होती ती. मलकापूर रेल्वेच्या मुख्य मार्गावरचं स्टेशन. पालं टाकून राहणारे, फिरस्ते, मजूर इथे नेहमी येतात. गावात कुणाचा ड्रोन कधी आणि कशासाठी उडतो हे लोकांना आधीच माहीत नसेल तर पहिल्याच रात्री संशय कुणावर जाईल, हे उघड आहे.

म्हणून सभेकडे वळतो. रोटरीची सुरुवात 23 फेब्रुवारी 1905 ला शिकागोत झाली. सदस्यांनी आळीपाळीने एकमेकांच्या कचेऱ्यांत जमायचं, त्या फिरत्या बैठकीवरूनच नाव पडलं. 2016 मध्ये नियम सैल झाले आणि महिन्यातून किमान दोन बैठका पुरेशा ठरल्या, तरी बऱ्याच गावांत आठवड्याची सभा टिकून आहे. तिचा साचा ठरलेला. घंटेचा ठोका, राष्ट्रगीत, वाढदिवसांच्या शुभेच्छा, सचिवांच्या सूचना, पाहुण्यांचं भाषण, आभार, चहा-नाश्ता. पाहुणे कधी ठाणेदार, कधी मुख्याधिकारी, कधी तहसीलदार. भाषणानंतर दहा मिनिटं प्रश्नांना असतात, आणि बहुधा ती सत्कारात जातात. ती दहा मिनिटं मला भाषणाहून महत्त्वाची वाटतात. नगर परिषदेच्या सभेत नागरिकाला बोलता येत नाही. पोलीस ठाण्यात तक्रारदार म्हणूनच जावं लागतं. मोर्चात घोषणा देता येतात, संभाषण होत नाही. अधिकारी खुर्चीवर शांत बसला आहे आणि गावातली माणसं त्याला नावानिशी, आदराने, पण थेट प्रश्न विचारू शकतात, अशी वेळ तालुक्यात दुसरीकडे क्वचितच येते.

शिकागोच्या पहिल्या क्लबने 1907 मध्ये हाती घेतलेलं पहिलं लोकोपयोगी काम होतं सार्वजनिक शौचालयांचं. त्यासाठी शहराच्या प्रशासनाच्या मागे लागावं लागलं. पोलिओच्या कामाचंही तसंच. 1985 पासून रोटरीने त्यासाठी जगभर पैसा उभा केला हे खरं, पण भारतात 13 जानेवारी 2011 नंतर पोलिओचा रुग्ण आढळला नाही आणि 27 मार्च 2014 ला देश पोलिओमुक्त ठरला, त्यात लसीच्या खोक्याइतकाच वाटा बूथवर वर्षानुवर्षं बसणाऱ्यांचा आणि नकार देणाऱ्या घरात पुन्हा पुन्हा जाणाऱ्यांचा होता. रोटरीच्या सभागृहांत भिंतीवर चार प्रश्नांची कसोटी लावलेली असते. हर्बर्ट टेलर यांनी ती 1932 च्या मंदीत डबघाईला आलेल्या भांड्यांच्या कंपनीसाठी लिहिली. तिच्यातला दुसरा प्रश्न, संबंधित सगळ्यांना हे न्याय्य आहे का, ड्रोनच्या देणगीला नेमका लागू पडतो. सभागृहात असतात डॉक्टर, वकील, जिनिंगवाले, अभियंते, व्यापारी. ज्यांच्या छपरावरून ड्रोन जास्त उडेल ती नदीकाठची, झोपडपट्टीतली, पालांतली माणसं तिथे नसतात. त्यांना बोलावल्याशिवाय या प्रश्नाचं उत्तर मिळणार नाही. क्लबने त्या एका सभेपुरती तरी खुर्च्यांची रांग वाढवावी.

ड्रोन कुणाला द्यावा, याबद्दल माझं मत बहुतेकांपेक्षा वेगळं असेल. पहिला ड्रोन पोलीस ठाण्याला देऊ नये. तो नगर परिषदेच्या अग्निशमन दलाकडे किंवा तहसीलच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाकडे असावा, कारण मलकापूरला त्याची गरज पूर, आग आणि गळती यांसाठी आहे. पोलिसांना यात्रेसाठी, अपघाताच्या पंचनाम्यासाठी किंवा हरवलेल्या माणसाच्या शोधासाठी तो लेखी मागणीवर मिळावा. प्रत्येक उड्डाणाची तारीख, वेळ, कारण आणि चालवणाऱ्याचं नाव वहीत लिहावं आणि दर महिन्याला ते पान नगर परिषदेच्या फलकावर लागावं. तपासाला लागणारं चित्रण वेगळं काढून बाकीचं ठरलेल्या मुदतीत पुसावं. हे नियम ठाणेदारांच्या विरोधात आहेत असं कुणी समजू नये. चांगल्या अधिकाऱ्याला ते हवेच असतात, कारण वरून कुणाचा फोन आला तर त्याला वहीकडे बोट दाखवता येतं.

माणसांचा प्रश्न यंत्रापेक्षा अवघड आहे. प्रमाणपत्र मिळवलेला शिपाई दोन-तीन वर्षांत बदलून जातो आणि ड्रोन कपाटात पडतो. गावात राहणारी माणसं शिकवली तर ते ज्ञान गावात राहतं. नमो ड्रोन दीदी योजनेत 15,000 महिला बचत गटांना फवारणीचे ड्रोन देण्याचं ठरलं, किमतीच्या 80 टक्के म्हणजे जास्तीत जास्त 8 लाखांपर्यंत मदत आणि पंधरा दिवसांचं प्रशिक्षण. फवारणीच्या ड्रोनवर शोधाचा कॅमेरा नसतो, पण चालवणारीचा हात बसलेला असतो आणि तिला आपला शिवार पाठ असतो. तालुक्यातल्या अशा प्रमाणपत्रधारक महिलांची आणि लग्नाचं चित्रीकरण करणाऱ्या तरुणांची यादी करून त्यांना आपत्ती कक्षाशी जोडणं, त्यांचा विमा आणि वर्षातून दोनदा सराव यांचा खर्च उचलणं, हे क्लबला नवा ड्रोन घेण्याआधीही करता येईल. बॅटऱ्या दोन-तीन पावसाळ्यांत कमजोर होतात. पहिल्या देणगीचा फोटो वर्तमानपत्रात येतो, तिसऱ्या वर्षीच्या बॅटरीचा येत नाही. तो खर्च पहिल्याच ठरावात लिहावा.

रोटरीचं वर्ष 1 जुलैला सुरू होतं, पदग्रहण होतं आणि नवे प्रकल्प जाहीर होतात. तोवर पावसाळा लागलेला असतो. म्हणून ही सभा मावळत्या अध्यक्षांनी मे महिन्यातच घ्यावी. तहसीलदार, ठाणेदार, मुख्याधिकारी, अग्निशमन दलाचा प्रमुख, पूर्णाकाठच्या गावांचे सरपंच आणि पोलीस पाटील, नदीकाठच्या वस्तीतल्या दोन-चार बायका, तालुक्यातल्या ड्रोन दीदी अशांना एकत्र बसवावं. सत्कार चहाच्या वेळी उरकावेत. 22 जुलै 2023 सारखा पाऊस पुन्हा आला तर पहिला फोन कुणाला जाईल, ड्रोन कोण उचलेल, तो किती वेळात पूर्णेच्या पुलावर पोचेल आणि त्याने पाहिलेलं बोटवाल्याला कोण सांगेल, एवढीच चार उत्तरं त्या सभेच्या इतिवृत्तात नावांसकट लिहून घ्यावीत.